चालतं इंजिन कशाला फोडता? तुम्ही विचारलंत म्हणून

मॉडेल रेल्वेची चालणारी दोन इंजिनं उघडायची, एकाची बॉडी (वरचं कवच) दुसऱ्याच्या चॅसीवर (मोटर-चाकांच्या सांगाड्यावर) चढवायची आणि उरलेलं डब्यात भरून ठेवायचं, हे मी का करते असं मला प्रदर्शनात विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, कामावरही विचारतात. (प्रदर्शनात आधी माझ्या नवऱ्याला विचारतात. तो बिचारा माझ्याकडे बोट दाखवतो.) ‘ओरिजिनल का नाही ठेवत?’ हा त्याच प्रश्नाचा सभ्य अवतार. गेल्या महिन्यात हाच प्रश्न माझ्या चुलतभावाने, दादाने, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांदेखत विचारला, आणि तेव्हा मी उत्तर दिलं नाही. आता देते.

पहिलं उत्तर पैशांचं. 2020च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरची कस्टम ड्यूटी 20 टक्क्यांवरून 60 वर गेली, 2023 मध्ये 70 वर. आमची 1:87 मापाची इंजिनं सरकारच्या लेखी खेळणीच. बाहुल्या आणि तीनचाकी सायकली ज्या 9503 क्रमांकाखाली येतात, त्याच्याच खाली. 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचा, शिक्काही सक्तीचा झाला. भारतीय इंजिनाची बॉडी आपल्याकडे हौशी मंडळी थ्रीडी प्रिंटरवर काढून देतात, पण तिच्याखाली मोटर, फ्लायव्हील, गिअर आणि सगळ्या चाकांतून वीज उचलणारी चॅसी हवी, ती बाहेरूनच यायची. म्हणून कुणाचा तरी भाचा अमेरिकेहून येताना बॅगेत वापरलेलं इंजिन घालून आणतो, आणि ते मी त्याच संध्याकाळी उघडते. त्याची बॉडी छान असते, रंग छान असतो, अक्षरं भिंगातून वाचता येतील अशी असतात. मला ती नको असते.

दुसरं उत्तर मी बरीच वर्षं ऐटीत देत आलेय: खरी रेल्वे तरी काय करते? डब्ल्यूडीएम-2 हे डिझेल इंजिन घ्या. मुळातली अमेरिकेच्या ॲल्को कंपनीची रचना, 1962 मध्ये आपल्याकडे आली, 1964 पासून वाराणसीला बनायला लागली. तिच्याखालची तीन ॲक्सलची ट्रायमाउंट बोगी (डबा नव्हे, चाकांचा गाडा), जिच्यात दोन ॲक्सलमधली अंतरं सारखी नसतात, तीच पुढे चित्तरंजनच्या डब्ल्यूएएम-4 या विजेच्या इंजिनाखाली घातली. वर डिझेलच्या जागी तारेतून वीज घेणारा पँटोग्राफ, खाली ॲल्कोच. माझ्याकडेही ट्रायमाउंटवालं एकच अमेरिकन इंजिन आहे आणि त्यावर चढणाऱ्या दोन बॉड्या. सकाळी डिझेल, संध्याकाळी इलेक्ट्रिक. लांबी बेताची जुळते, बॉडीच्या आत चार कोपऱ्यांत प्लॅस्टिकच्या पट्ट्या चिकटवल्या की ती चॅसीवर टच्च बसते, स्क्रूसुद्धा लागत नाही.

यावर एक सद्गृहस्थ मला म्हणाले, की पण ताई, खालून बघितलं तर ते अमेरिकनच दिसतं. बरं. आपली ब्रॉडगेज 1676 मिलिमीटर, म्हणजे 1:87 मध्ये सव्वाएकोणीस. आपण सगळे चालवतो साडेसोळा मिलिमीटरच्या रुळांवर, जे माप युरोप-अमेरिकेच्या 1435 चं आहे. म्हणजे ज्यांनी विकतचं ‘ओरिजिनल’ भारतीय मॉडेल घेतलंय, त्यांच्या इंजिनाचीही चाकं पावणेतीन मिलिमीटर जास्तच जवळ आहेत. ते चालतं. मी पट्टी चिकटवली की मात्र फसवणूक.

हे सगळं खरं आहे, पण दादाने विचारलं ते याबद्दल नव्हतं. त्याने विचारलं ते भाऊकाकांच्या इंजिनाबद्दल.

भाऊकाका, म्हणजे दादाचे बाबा, कल्याणच्या डिझेल शेडमध्ये फिटर होते. काकूचा भाऊ बोटीवर होता, त्याने हॅम्बुर्गहून एक छोटं जर्मन वाफेचं इंजिन आणलं होतं, मालिका 80चं, सहा चाकांचं, पाण्याची टाकी अंगावरच असलेलं. आमच्या लहानपणी ते दिवाळीत चार दिवस गोल रुळांवर फिरायचं आणि एरवी शोकेसमध्ये असायचं. हात लावायचा नाही. मग ते बंद पडलं, आणि भाऊकाकांनी निवृत्तीनंतर कधीतरी ते माझ्या हातात दिलं. ‘तू दातांचं काम करतेस, तुझ्याकडे बारीक हत्यारं आहेत,’ एवढंच म्हणाले. मी डोंबिवलीत दातांच्या लॅबमध्ये कॅपा आणि कवळ्या करते. त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता.

बॉडी निघेना. स्क्रू काढला तरी निघेना. पुढच्या बफर बीमच्या (इंजिनाच्या टोकाच्या आडव्या पट्टीच्या) कोपऱ्यात केसाएवढी चीर दिसली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला, कारण हे मी फोटोंत पाहिलेलं होतं. जुन्या चॅसी जस्ताच्या मिश्रधातूच्या ओतलेल्या असतात. जस्त, ॲल्युमिनिअम, थोडं मॅग्नेशिअम, तांबं. ओतताना त्यात शिशाचा अंश गेला तर धातूचे कण आतल्या आत एकमेकांपासून सुटायला लागतात. दमट हवेत जास्तच. वरून काही कळत नाही. चॅसी वाढते, अक्षरशः लांब होते, वाकते, तडकते आणि मग कोसळते. त्याला औषध नाही. आणि डोंबिवलीच्या पावसाळ्याबद्दल मी तुम्हाला काय सांगू.

भाऊकाका शेजारी खुर्चीत बसले होते. मी त्यांना सांगितलं की चॅसी आतून फुगून बॉडीला फाडतेय. बॉडी वाचवायची तर चॅसी फोडून तुकड्या-तुकड्यांनी काढावी लागेल. त्यांनी चष्मा वर केला, इंजिन उलटं करून पाहिलं आणि म्हणाले, ‘कंडेम.’ शेडमधला शब्द, म्हणजे भंगार. मग म्हणाले, ‘फोड.’

मी आधी साइड रॉड (चाकांना जोडणारे दांडे) काढले, मग चाकं. मग खालून बारीक कटरने एकेक तुकडा तोडत गेले. तोडायचंही काम नव्हतं खरं तर. ती नानकटाईसारखी भुगा होत होती. राखाडी, कोरडी, आतून चकाकी नसलेली. मधे मोटर सुटी झाली. मी सहज तिला दोन वायरी लावल्या, आणि ती फिरली. इतक्या वर्षांनी, पहिल्या झटक्यात, जुन्या तेलाचा वास सोडत. भाऊकाका पुढे वाकले. ‘मग हिला काय झालंय?’ हिला काहीच झालं नव्हतं. पण त्या जमान्यात मोटर बसायची जागा चॅसीतच ओतलेली असायची. वर्म (मोटरच्या दांड्यावरचा आट्यांचा गिअर) आणि चाकांचा गिअर यांतलं अंतर चॅसीच ठरवायची. चॅसी गेली की मोटर धडधाकट असून बिनकामाची. हे त्यांना समजावताना माझा आवाज नीट नव्हता. त्यांना समजलं होतं. फिटर माणूस. त्यांना फक्त ते ऐकायचं नव्हतं.

मग मी काय केलं ते सांगते. माझ्याकडे दुसऱ्या कंपनीचं, खूप नंतरचं, मालिका 80चंच इंजिन होतं. चालतं. माझं आवडतं. ते मी उघडलं. तुम्हाला वाटेल एकाच जातीचं इंजिन, एकच माप, बॉडी सरळ बसेल. छे. जुन्याची मोटर उभी होती, केबिनमध्ये; नव्याची आडवी, पार बॉयलरमध्ये घुसलेली, वर वजनाचा ठोकळा. जुनी बॉडी थोडी मोठीच होती, त्या काळी माप असं सैलच धरायचे. रुंदीचा प्रश्न नव्हता, पण धुराड्याच्या खाली आत एक खुंट होता, ज्यात मूळ स्क्रू बसायचा, तो ठोकळ्यावर आपटत होता. लॅबमधली मायक्रोमोटर (हातात धरायचं बारीक ग्राइंडर) घरी आणून तो खुंट मी घासून काढला. मागच्या बाजूला कोल्ड क्युअर ॲक्रिलिकचे, म्हणजे न तापवता घट्ट होणाऱ्या कवळीच्या प्लॅस्टिकचे, दोन टेकू दिले. बफर बीमची चीर आतून भरली. बॉडी बसली.

इंजिन चाललं. भाऊकाकांनी ते फिरताना पाहिलं आणि म्हणाले, ‘फारच शहाण्यासारखं चालतंय.’ ही तारीफ होती की नाही ते मला आजही सांगता येणार नाही.

नव्या चॅसीत डिकोडर होता, म्हणजे कंट्रोलरवर इंजिनाचा पत्ता दाबला की तेवढंच इंजिन हलणार. काकांनी विचारलं, ‘याला कुठल्या नंबराने बोलवायचं?’ आणि मी अडकले. केबिनवर छापलेला नंबर एक, डिकोडरमध्ये भरलेला पत्ता माझ्या जुन्या इंजिनाचा. मोटर किती व्होल्टला हलायला लागते, सर्वांत जोरात किती धावते, ही सगळी सेटिंगंही त्याच डिकोडरमध्ये, म्हणजे चॅसीबरोबर. त्यावर ते म्हणाले, ‘शेडमध्ये नंबर बॉडीचा. क्रेनने बॉडी उचलायची, खालच्या बोग्या बाहेर, दुसऱ्या तयार असतील त्या आत. नंबर बदलत नाही.’ मी पत्ता बदलून केबिनवरचा टाकला. प्रश्न मिटला, असं मला वाटलं.

हेच वाक्य मी दादाला ऐकवत आले. तुझे बाबाच म्हणाले, नंबर बॉडीचा. बॉडी तीच आहे. इंजिन तेच आहे.

पण आता सगळं सांगायचंच ठरवलंय तर हेही. त्या दिवशी घरी जाताना भाऊकाकांनी ती जुनी मोटर उचलली, रुमालात गुंडाळली आणि सदऱ्याच्या खिशात घातली. साइड रॉड मागितले नाहीत, चाकं मागितली नाहीत. बॉडीसुद्धा ‘राहू दे तुझ्याकडे, चालव’ म्हणाले. मोटर नेली. पुढे नातवंडं आली की तिला सेल लावून फिरवून दाखवायचे म्हणे. तर नंबर बॉडीचा म्हणणाऱ्या माणसाने घरी काय नेलं?

मी स्वतः काय बोलते तेही तपासलं. ट्रायमाउंटच्या वेळी मी छाती काढून सांगत होते की डिझेल आणि इलेक्ट्रिक खालून एकच, बोगी महत्त्वाची. काकांच्या इंजिनाच्या वेळी सांगत होते की बॉडी महत्त्वाची. दोन्ही वेळा माझ्या सोयीचं. दहा वर्षांपूर्वीची मी असती तर म्हणाली असती, की मॉडेल म्हणजे डोळ्यांना दिसतं ते, आतलं काय ते यंत्र. तिला मी विचारलं असतं, मग माझ्या त्या आवडत्या इंजिनाची रिकामी बॉडी डब्यात पडलीय, तिच्याकडे बघून तुला काहीच का होत नाही? तिच्याबद्दल तर कुणीच विचारत नाही. चालतं इंजिन मी खरंच फोडलं ते तिचं.

आणि दुसरा रस्ता नव्हता असं मी जे म्हणते, ते पूर्ण खरं नाही. पितळेची नवी चॅसी कापून घेता आली असती. मी चौकशी केली होती. मूळ चॅसी वाढलेली, वाकलेली, तिच्यावरून मापं घेऊन उपयोग नाही, असं मला सांगितलं गेलं आणि मी ते पटवून घेतलं, कारण काकांचं वय बघता मला ते इंजिन चालताना त्यांना दाखवायचं होतं. ती घाई माझी होती. पण ते बघून गेले. चॅसी कापून घेत बसले असते तर बघायचे राहिले असते. याचं वजन दादा कुठे धरतो?

आता दादाकडे मोटर आहे. माझ्याकडे बॉडी, चाकं आणि रॉड. त्याला बॉडी हवीय, माझ्या चॅसीशिवाय. भोसरीत कुणा ओळखीच्याकडे सीएनसीवर पितळेची चॅसी कापून घ्यायचा त्याचा बेत आहे, बाबांची मोटर तिच्यात बसवायची. मी आधी हसले. मग लक्षात आलं की रॉड चांगले आहेत; रॉड जस्ताचे नव्हते, ते वाढलेले नाहीत. ॲक्सलमधलं खरं अंतर त्यांच्या भोकांत जसंच्या तसं शिल्लक आहे, आणि हे तेव्हाही माझ्या टेबलावरच होतं. व्हर्नियरने मोजून ते आकडे मी त्याला परवा पाठवले. मागचा-पुढचा बफर बीम, डोमची (बॉयलरवरच्या घुमटाची) उंची, केबिनची आतली रुंदी, सगळं पाठवलं.

त्याने काल ड्रॉइंग पाठवलंय. चॅसी बरोबर आहे. बॉडीला धरून ठेवणारा स्क्रू त्याने जुन्यासारखाच धुराड्याच्या खालच्या खुंटात घातलाय. तो खुंट मी घासून टाकलाय, हे त्याला अजून सांगितलेलं नाही. हे वाचून कळेल. दादा, ॲक्रिलिकचा नवा खुंट मी करून देते. पण मग त्याला ओरिजिनल म्हणणार की नाही, ते आधी ठरव आणि मग ग्रुपवर लिही.