बी.बी.ए.साठी कोणते विद्यापीठ : प्रवेशाच्या दिवसांतील नोंद

नागपूर, रविवार, रात्री.

लेकीच्या प्रवेशाचा निर्णय या आठवड्यात घ्यायचा आहे, म्हणून आज सगळे सविस्तर लिहून काढते. तिला व्यवसाय व्यवस्थापनातच पदवी घ्यायची आहे, त्याबद्दल घरात दुमत नाही. प्रश्न आहे तो विद्यापीठाचा. एकीकडे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी संलग्न असलेले शहरातले महाविद्यालय, आणि दुसरीकडे सिम्बायोसिस अभिमत विद्यापीठाची वाठोड्याची संस्था. दोन्ही नागपुरातच असल्यामुळे नातेवाइकांना यात विचार करण्यासारखे काही दिसत नाही. कोणी म्हणतो पैसे वाचवा, कोणी म्हणतो नाव बघा. मला मात्र ही दोन अगदी वेगळ्या घडणीची विद्यापीठे वाटतात, आणि मुलीची पुढची तीन-चार वर्षे कशी जातील हे त्या घडणीवरच ठरणार आहे.

नागपूर विद्यापीठ 1923 सालचे. 1983 मध्ये अमरावती विद्यापीठ वेगळे झाले, 2011 मध्ये चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे गोंडवाना विद्यापीठाकडे गेले, आणि आता नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया हे चार जिल्हे त्याच्याकडे आहेत. अभ्यासक्रम विद्यापीठाचे अभ्यास मंडळ ठरवते, सत्राअखेरची परीक्षा विद्यापीठ घेते, आणि शिकवण्याचे काम महाविद्यालय करते. म्हणजे वर्गात जे सर शिकवतात, त्यांच्या हाती अंतर्गत गुण असले तरी मुख्य प्रश्नपत्रिका नसते. या व्यवस्थेला नावे ठेवण्याची आपल्याकडे पद्धत आहे, पण मला तिचा आदर वाटतो, कारण गोंदियाच्या एखाद्या तालुक्यातली मुलगी आणि सीताबर्डीतली मुलगी एकच पेपर सोडवतात आणि एकाच मापाने मोजल्या जातात. तिची मर्यादाही याच गोष्टीत आहे. शिक्षकाला कळमन्याच्या बाजारातल्या संत्र्याच्या लिलावावरून मागणी-पुरवठा शिकवावासा वाटला, तरी आधी पेपरात येणारे प्रकरण संपवावे लागते.

सिम्बायोसिस ही 1971 साली पुण्यात सुरू झालेली संस्था. तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा 2002 मध्ये मिळाला. तिथे अभ्यासक्रम आखणे, शिकवणे आणि तपासणे हे सगळे एकाच छताखाली चालते. सत्रभर चालणारी सादरीकरणे, गटकार्य आणि छोट्या चाचण्या यांना मोठे वजन असते, त्यामुळे शेवटच्या महिनाभरात पाठांतर करून निभावून नेता येत नाही. प्रवेश परीक्षांचा भाग आमच्यापुरता संपला आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने बी.बी.ए. आपल्या कक्षेत घेतल्यापासून, म्हणजे 2024 पासून, या अभ्यासक्रमासाठी राज्याची सीईटी सुरू झाली. ती लेकीने दिली, सिम्बायोसिसची स्वतःची सेट ही प्रवेश परीक्षाही दिली, आणि दोन्हीकडे तिला प्रवेश मिळू शकतो.

पैशाचे गणित सरळ आहे. वाठोड्याच्या एका वर्षाच्या शुल्कात शहरातल्या महाविद्यालयातली अख्खी पदवी होईल आणि वर काही शिल्लक राहील. राज्य सरकारने 2024 मध्ये मुलींसाठी व्यावसायिक अभ्यासक्रमांची जी शुल्कमाफी लागू केली, ती अभिमत विद्यापीठांना नाही, आणि उत्पन्नाच्या अटीमुळे आम्हाला तसाही तिचा लाभ नाही. यांचे म्हणणे असे की हे पैसे एम.बी.ए.साठी राखून ठेवावेत. त्यात तथ्य आहे. मिहानमधल्या आपल्या आय.आय.एम.मध्ये जायचे म्हटले तरी कॅट परीक्षेला कोणत्याही शाखेची पदवी चालते, तिथे बी.बी.ए.च हवी अशी अट नाही.

मी स्वतः करसल्लागाराच्या कार्यालयात हिशेबाचे काम करते, आणि तिथे शिकाऊ म्हणून येणारी मुले वर्षानुवर्षे बघत आले आहे. गेल्या हिवाळ्यात दोघे एकाच वेळी आले होते. एकाने मोठ्या शुल्काच्या संस्थेतून बी.बी.ए. केले होते, आमच्या अशिलासमोर तो इतके नेमके बोलला की साहेबही खूश झाले. पण बँकेचे विवरण आणि टॅली या हिशेबाच्या संगणक प्रणालीतली खतावणी त्याच्यासमोर ठेवून दोन्हींच्या शिलकेत फरक का येतो ते शोधायला सांगितले, तेव्हा जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्याला सुरुवात कुठून करावी हे उमगले नाही. संलग्न महाविद्यालयातून बी.कॉम. झालेल्या मुलीने दिलेला पण बँकेत अजून सादर न झालेला धनादेश थोड्याच वेळात शोधून त्यावर पेन्सिलने खूण केली. मग तिला म्हटले, अशिलाला फोन करून तेवढे सांगून टाक, तर ती फोन हातात धरून माझ्याकडे बघत राहिली.

त्या दोघांना आठवून मी स्वतःला विचारत आहे की कोणत्या पदवीतली उणीव आम्हाला बाहेरून भरून काढता येईल. हिशेब मी घरी शिकवू शकते. ताळेबंद कसा वाचायचा, जी.एस.टी.चे विवरणपत्र कसे तपासायचे, हे माझे रोजचे काम आहे. व्यवहार दाखवायला माझा भाऊ आहे. हिंगणघाटला त्याचे कापसाचे जिनिंग आहे, आणि हंगामात तिथे शेतकरी, अडते आणि गाडीवाले यांच्याशी बोलण्यातून जे शिकता येते ते कोणत्याही वर्गात मिळणार नाही. म्हणून माझा कल काल संध्याकाळपर्यंत शहरातल्या महाविद्यालयाकडे होता. तिथे मिळणारा मोकळा वेळ आम्ही भरून काढू, असे मी तिला समजावत होते.

तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, “आई, हिशेब तू शिकवशील, धंदा मामा शिकवतील. मग आपल्या माणसांच्या बाहेर मी केव्हा शिकू?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि आज दिवसभर शोधूनही सापडले नाही. ती त्रिमूर्तीनगरात वाढली. तिची शाळा, शिकवणी, मैत्रिणी सगळे घराच्या आसपास. वेगवेगळ्या राज्यांतून आलेल्या मुलांबरोबर एका गटात काम करणे, न पटणाऱ्याशी वाद घालून ठरलेल्या दिवशी काम पूर्ण करणे, आणि आपले म्हणणे अनोळखी माणसांसमोर ठामपणे मांडणे, हे आम्ही तिला घरात देऊ शकत नाही. त्यासाठी एवढे पैसे मोजावेत का, यावर यांच्याशी मघाशी बराच वेळ बोलणे झाले. शेवटी यांनीच मार्ग काढला : आम्ही वाठोड्याचे शुल्क भरू, पण पदवीनंतर तिने किमान दोन वर्षे नोकरी करावी आणि एम.बी.ए.ला जायचे झाले तर त्यातला मोठा वाटा स्वतःच्या बचतीतून व कर्जातून उचलावा. लेकीने हे लगेच मान्य केले. रविवारी घरी माझ्याजवळ हिशेब शिकायचा, ही माझी अटही तिने मान्य केली आहे.

पैसे भरण्यापूर्वी उद्या आम्ही तिघे वाठोड्याला जाणार आहोत. नागपूरच्याच मुलांनाही वसतिगृहात राहावे लागते का, प्रवेश रद्द केला तर कोणत्या तारखेपर्यंत किती रक्कम परत मिळते, आणि तिसऱ्या वर्षानंतर थांबायचे की चौथे वर्ष करून ऑनर्स पदवी घ्यायची हे केव्हा ठरवावे लागते, एवढे कार्यालयात विचारायचे आहे. लेखांकन कोण शिकवते आणि ते किती सत्रे असते हे मात्र मी दुसऱ्या वर्षाच्या मुलांनाच विचारणार आहे, आणि गेल्या सत्रात त्यांनी स्वतःच्या हाताने केलेले काम दाखवायला सांगणार आहे.