डेबऱ्या (डावखुऱ्या) हाताचा विळा: आमची वाटचाल

आमच्या दुकानात लक्ष्मीच्या फोटोशेजारी एक कागद फ्रेम करून लावलाय. नवीन गिऱ्हाइकाला ते प्रशस्तिपत्र वाटतं. जवळ जाऊन वाचलं की हसू येतं. त्यावर लिहिलंय: ‘धार उलट बाजूस. मूठ खाली वाकलेली. शेतकामास अयोग्य.’ खालची सही मी कागदाची पट्टी चिकटवून झाकली आहे. साहेब अजून हयात आहेत आणि त्यांच्या मुलीच्या लग्नात मी जेवून आलोय.

आमचं घर पिढीजात लोहाराचं. गाव वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यात. बाबांनी भाता ओढला, मी ब्लोअर लावला, एवढाच फरक. मृगाआधी वखराच्या पासा (पाती) आणि कुदळी-पहारी शेवटायच्या, म्हणजे टोकं ठोकून नीट करायच्या, दसऱ्याआधी विळे, आणि उरलेलं वर्ष उधारी वसुलीत. डावं-उजवं असला विषय आमच्या ऐरणीवर कधी आला नव्हता.

तो आणला एका मावशीनं. आमच्या भागात सोयाबीन वाढलं आणि सोंगणी गुत्त्यानं (ठेक्यानं) जायला लागली, तेव्हाची गोष्ट. रोजानं काम असलं की मंद विळाही चालून जातो. गुत्त्यात नाही चालत, तिथं एकराचा हिशेब असतो. मावशीनं मीच बनवलेला विळा ऐरणीवर आपटला.

“काहून रे बाप्पा, हा इळा माह्याशी भांडते?”

मी धार पाहिली. धार बरोबर होती. म्हटलं, “मावशी, इळ्यात काई खोट नाई.”

“मंग माह्या हातात हाय काय?” असं म्हणून तिनं हात पुढं केला. डावा. बोटांच्या पेरांची सालटं निघाली होती.

इतकी वर्षं विळे ठोकले, पण त्या दिवशी विळा पहिल्यांदा नीट पाहिला. विळ्याचं पातं एका अंगानं सपाट असतं आणि एका अंगानं उतार दिलेलं. सपाट अंग जमिनीकडं राहतं, म्हणून विळा बुडाशी सरकत जातो. मूठ पात्यापेक्षा बोटभर वर उचललेली असते, बोटं ढेकळांना घासू नयेत म्हणून. हे सगळं उजव्या हाताच्या हिशेबानं. तोच विळा डाव्या हातात घेतला की पालथा होतो. सपाट अंग वर जातं आणि धार बुडाशी टिकायच्या ऐवजी वर चढते, मागं लांब खुंट राहतात. मूठ खाली जाते आणि बोटं जमिनीवर घासतात. मावशी वीस-पंचवीस वर्षं अशीच सोंगत आली होती. वर ओळीतल्या बायका म्हणायच्या, डेबरीच्या शेजारी नको, कोपर लागते.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, “उलटा इळा केला त धंदा उलटा होईन.” तरी केला. पहिला फसला. मी धारेचा उतार बदलला पण मान (पातं मुठीला जोडणारा भाग) तशीच ठेवली, मावशीनं तासाभरात परत आणून दिला. दुसऱ्यात मान वाकवली, तर हाताच्या सवयीनं घाव जुन्याच बाजूला पडले आणि पातं पिळलं. आरशात पाहून दाढी करता येते, लोहारकाम करता येत नाही. तिसरा जमला. ट्रकच्या कमानपाट्याचं लोखंड, बाभळीची मूठ, पाणी देऊन (तापलेलं पातं बुडवून कडक करून) परत तापवताना धारेवर गवती पिवळा रंग उतरला तिथंच थांबवलेला. ओळख म्हणून मुठीवर तापल्या सळईनं दोन वेढे जाळले, टोळीत घाईघाईत दुसरीनं उचलू नये म्हणून. तेच दोन वेढे आमचा शिक्का झाले. मावशी दुसऱ्या दिवशी काही बोलली नाही, पैसे देऊन गेली. आमच्याकडं न मागता पैसे देणं म्हणजे केवढी गोष्ट, हे धंद्यातल्या माणसाला सांगायला नको.

हजार लोकांत साधारण शंभरेक डावरे निघतात असं धरतात. पण ते दुकानात येऊन मी डावरा आहे असं सांगत नाहीत. लहानपणी प्रसादाला डावा हात पुढं केल्याबद्दल ज्यांनी मार खाल्ला, ते मोठेपणी विळा कशाला मागतील? म्हणून मी विचारत नाही. टेबलावर काडेपेटी ठेवतो आणि म्हणतो, जरा उदबत्ती लावा. काडी कोणत्या हातात आली, ते बघून विळा काढतो.

आता त्या कागदाविषयी.

एका मोठ्या संस्थेला मजूर बायकांच्या गटांना अवजारं वाटायची होती. नमुना पाहायला आलेले साहेब स्वतः डावरे. विळा हातात घेताच त्यांचा चेहरा फुलला. ४०० डाव्या विळ्यांची ऑर्डर झाली, नगामागं ९० रुपये. आमच्यासाठी ३६,००० म्हणजे वर्षाची कमाई. पाटे उधारीवर उचलले, कोळसा उधारीवर, दोन पोरं रोजानं ठेवली आणि सौभाग्यवतींची गळ्यातली पोत गहाण गेली. दीड महिना भट्टी विझली नाही. माल तयार झाला आणि तेवढ्यात साहेबांची बदली झाली.

नव्या साहेबांनी पोत्यातून एक विळा काढला आणि उजव्या हातात धरला.

मी म्हटलं, “साहेब, डाव्या हातात धरा जी.”

ते म्हणाले, “मी डाव्या हातानं काही करत नाही.”

मग मी कराराचा कागद दाखवला. त्यावर नुसतं ‘विळे, नग ४००’ एवढंच होतं. ‘डावे’ हा शब्द कुणीच लिहिला नव्हता, मीही वाचलं नव्हतं. (धंद्यात नवीन असाल तर हे लक्षात ठेवा: ज्या गोष्टीमुळं माल वेगळा आहे, ती गोष्ट ऑर्डरवर लिहून घ्या. तोंडी ‘हो हो’ ला मोल नाही.) साहेबांनी तीन ओळी लिहिल्या आणि पोती परत पाठवली. भाडंसुद्धा माझ्याच माथी.

पोळा झाला, घेणेकरी दारात बसायला लागले. शेवटी ३६० विळे भंगारात काढले. एक विळा पाव किलोच्या आसपास, सगळे मिळून ९० किलो. २५ रुपये किलोनं २,२५० आले. स्वतःच्या हातानं पाणी दिलेलं लोखंड काट्यावर टाकताना काय वाटतं, ते लिहीत नाही. ४० तेवढे मागं ठेवले, का ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं.

महिन्याभरानं मावशी एक विळा घेऊन आली. “हा तुह्याच हातचा हाय, पण याले कोनं तरी जाळलं.” मुठीवर दोन वेढे आमचेच. तालुक्याच्या एका दुकानदारानं, नाव घेत नाही, भंगारवाल्याकडून आख्खा लॉट उचलला होता आणि ‘डावखुऱ्यांसाठी खास’ असा बोर्ड लावून १२० रुपयांनी विकत होता. नुसता विकला असता तर मी गप्प बसलो असतो. पण त्याला एकाच अंगाची धार अपुरी वाटली, म्हणून त्यानं सपाट अंगालाही ग्राइंडर लावला. पाणी न मारता. पातं निळं पडलं, म्हणजे पाणी उतरलं, कडकपणा गेला. अशी धार दोन दिवस टिकते, मग वाकते. लोक शिव्या कुणाला देणार? मुठीवर वेढे ज्याचे, त्याला. ३१ विळे आमच्याकडं परत आले. बिल त्याच्या दुकानचं, तरी सगळ्यांना मी फुकट पुन्हा पाणी दिलं. त्याच्याकडं जाऊन विचारलं तर म्हणतो, “मी भंगार घेतलं, भंगार इकलं.” त्याचा बोर्ड अजून आहे. परवाच रंग देऊन घेतलाय.

उरलेल्या ४० विळ्यांचं मात्र मावशीनं सोनं केलं. त्या वर्षी तिची टोळी वर्धा नदीपलीकडं, धामणगावकडं सोंगणीला गेली. तिनं विळे बोचक्यात बांधून नेले. प्रत्येक टोळीच्या मुकादमाला विचारायची, “तुमच्यात डेबरी कोन हाय?” दिवाळीच्या आदल्या दिवशी पदराच्या गाठीतून ३,६०० रुपये मोजून दिले. कमिशन घेईना, म्हणाली एक नवा इळा दे. त्या पैशानं कर्ज फिटलं नाही, पण कोळसा आला आणि भट्टी पेटली. पोत सोडवायला आणखी दोन वर्षं लागली.

त्यानंतरची वर्षं बरी गेली.

आता घरातली कामंही येतात. उजव्या बाजूला चोच असलेली पळी करतो, डाव्या हाताला जमेल असा तिरका सराटा (उलथणं) करतो. विळी मात्र डावी मागू नका. तिचं पातं उभं, भाजी दोन्ही हातांनी चालते, पाय बदलून बसलात की झालं. उगाच पैसे कशाला घेऊ? शिंप्यांची कैची हे कठीण काम. नुसती मूठ उलटी बसवून उपयोग नसतो. उजव्या हाताच्या कैचीत अंगठा आणि बोटं दाबतात तेव्हा दोन्ही पाती एकमेकांवर आवळतात. तीच डाव्या हातात धरली की त्याच दाबानं पाती फाकतात आणि कापड मधेच दुमडतं. वरचं पातं आड आल्यानं खडूची रेघही दिसत नाही. म्हणून पातीच अदलाबदल करावी लागतात. मेरठच्या कैचीसारखा हात आमचा नाही, हे मान्य. वर्षाला दहा-बारा करतो, ओळखीच्या शिंप्यांपुरत्या.

बाबा शेवटपर्यंत त्याला उलटा विळाच म्हणाले. एकदा सेवाग्रामहून आलेल्या एका मास्तरांनी त्यांना सांगितलं, १९०९ मध्ये बोटीवर लिहिता लिहिता गांधीजींचा उजवा हात थकला, तेव्हा त्यांनी डाव्या हातानं लिहिलं. बाबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “लेखणीले धार नसते, मास्तर.”

विळा घेतलाच असेल तर दोन गोष्टी ऐका. सपाट अंगाला कानस लावू नका, कितीही मोह झाला तरी. आणि जन्मभर उजवा विळा वापरलेल्या डावऱ्यानं ऐन सोंगणीत डावा हातात घेऊ नये, आधी दोन दिवस बांधावरचं गवत कापून हात बसवावा. पोराला डाव्या हातावरून मारू नका हेही सांगितलं असतं, पण त्याचं गिऱ्हाईक वेगळं.

मावशी आता सोंगणीला जात नाही, गुडघे धरतात. तिचा विळा मात्र दर वर्षी मुठीची शेंबी (कडं) आवळायला येतो. नातू आणून देतो, उजव्या हातात धरून, पालथा. यंदाच्या सोंगणीचे विळे पाहिजे असतील त्यांनी पोळ्याआधी सांगावं, आणि सांगताना ‘डावा’ असं लिहून द्यावं.