माहीत नव्हतं म्हणे

१६ एप्रिल १९४५ ला अमेरिकन सैन्यानं जर्मनीतल्या वायमर शहरातल्या हजारेक लोकांना नाझींच्या बुखेनवाल्डच्या छळछावणीत नेऊन प्रेतं दाखवली. छावणी शहरापासून सात-आठ किलोमीटरवर. बाया चक्कर येऊन पडल्या, आणि जो तो एकच म्हणे, आम्हाला काहीच माहीत नव्हतं हो. परवा कट्ट्यावर हा विषय निघाला तर एक दोस्त म्हणाला, साध्या माणसाला काय कळणार, हुकूमशाही होती, पेपरात थोडंच यायचं.

अरे यायचं की. १९३३ मध्ये डाखाऊची छावणी सुरू झाली ती पेपरात जाहीर करून. १९३८ च्या नोव्हेंबरात सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळं, जाळली ती भर वस्तीत आणि तीसेक हजार ज्यू पुरुष उचलून नेले. आता आउशवित्झमध्ये गॅस चेंबर नेमकं कसं चालायचं हे बहुतेकांना माहीत नसेल, तेवढं मला मान्य.

पण हांबुर्गचे लिलाव बघा. ज्यूंना गाडीत घालून पूर्वेला पाठवलं की त्यांचं घरसामान सरकारजमा, मग पेपरात जाहिरात आणि लिलाव. हॉलंड-फ्रान्समधल्या ज्यूंचं सामान सुद्धा जहाजं-वॅगन भरभरून यायचं. गालिचे, फर्निचर, फरचे कोट, सगळं स्वस्तात. हांबुर्ग आणि आसपासच्या लाखभर लोकांनी घेतलं असा अंदाज आहे. इतक्या घरांतलं सामान आलं तर ती माणसं कुठं गेली, परत आली तर काय म्हणतील, हा विचार कपाट उचलताना आला नसेल का? मला तरी वाटतं आला असेल, आणि परत येणार नाहीत हे कळल्यावरच बोली लागली असेल.

लाउबाख नावाच्या लहान गावात फ्रीडरिश केलनर म्हणून कोर्टातला एक कर्मचारी होता, आपल्याकडं तालुक्याच्या कोर्टात असतो तसा. ऑक्टोबर १९४१ मध्ये त्यानं डायरीत लिहून ठेवलंय की रजेवर आलेल्या सैनिकानं सांगितलं, पोलंडमध्ये ज्यू बायका-पुरुषांना नागडं करून खड्ड्यापुढं उभं करून गोळ्या घातल्या. असे रजेवर येणारे सैनिक गावोगाव होते.

आता आपल्याकडचं. रझाकारांचे अत्याचार आमच्या मराठवाड्यात लेकरालाही पाठ आहेत, आणि ते खरेच झाले. पण १९४८ मध्ये भारत सरकारनं हैदराबाद संस्थानावर केलेल्या पोलीस ॲक्शननंतर मुसलमानांच्या कत्तली झाल्या, केंद्रानं पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं २७ ते ४० हजार मेले असा अंदाज दिला, सगळ्यात जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत आपलं उस्मानाबाद आणि नांदेड, आणि तो अहवाल कितीतरी वर्षं दाबून ठेवला. दोन्ही गोष्टी मी एका मापानं मोजत नाही, जर्मनीतलं सगळं सरकारनं ठरवून चालवलेलं होतं. मला फक्त माहीत असण्याबद्दल बोलायचंय.

आमच्या बाजारपेठेतली काही दुकानं त्या साली एका हातातून दुसऱ्या हातात गेली. कुणाकडून कुणाकडं ते म्हाताऱ्या माणसांना नावानिशी माहितंय. मधे काय झालं म्हणून आमच्या आण्णांना विचारलं तर आधी चहा सांगितला, मग म्हणाले, कागद काढून बघ की, सगळं कायदेशीर आहे. मी कायदेशीर आहे का म्हणून विचारलंच नव्हतं.