पंधराची पाऊणपट

ऑक्टोबरात पाऊस एकदाचा गेला की मी पुस्तकं बाहेर काढते. घाई करावी लागते, कारण नंतर खळ्यात सुपारी पडते, आणि तिला निदान चाळीस दिवस ऊन लागतं. तेवढ्या दिवसांत माझ्या पुस्तकांना कोण विचारतो? थेट उन्हात मात्र मांडायची नाहीत, पुठ्ठे वाकतात. पडवीच्या कडेला, जिथे वारा लागतो तिथे, अर्धवट उघडून उभी ठेवायची. चार महिन्यांच्या दमटपणाचा वास जाता जात नाही, पण बुरशी पुसता येते, कसर झटकता येते. मग कपाटात वेखंडाच्या पुरचुंड्या. सासूबाई दरवर्षी म्हणतात, "ह्यांचं न्हाणं-माखणं झालं असेल तर आता आमच्या आमटीचं बघ."

या वर्षी पुस्तकांबरोबर वह्याही काढल्या. एकोणीस भरल्या. वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाबद्दल मी त्यांत लिहिते, कॉलेजात होते तेव्हापासून. पुस्तक कुठून मिळालं, किती दिवस पुरलं, कुठल्या पानावर कंटाळा आला. आणि मुख्य म्हणजे, आठ दिवसांनी त्यातलं काय आठवतंय. पुस्तक मिटल्या मिटल्या लिहायला बसलं की सगळीच पुस्तकं थोर वाटतात. आठ दिवस कळ काढली की बरीच खाली बसतात. 'ओघवती भाषा', 'खिळवून ठेवणारं', 'संग्राह्य' हे शब्द माझ्या वहीत बंद आहेत. 'एका बैठकीत वाचून काढलं' हेही. एका बैठकीत वाचणारे लोक कोण असतात मला माहीत नाही. माझ्याकडे मधे कुकर असतो.

सगळं बॉलपेनने. जेल पेनचा नाद एक वर्ष केला होता. २०२० च्या ३ जूनला निसर्ग वादळात माजघरावरची कौलं उडाली आणि त्या वर्षाची वही निळ्या ढगांसारखी दिसायला लागली. तिच्याखाली असलेली बॉलपेनची वही भिजून फुगली, पण अक्षर जागचं हललं नाही.

मी मूळची कऱ्हाडची. २००३ साली लग्न होऊन कुंभार्ली घाट उतरून गुहागरला आले तेव्हा कोकण मला पाठ होतं. पुस्तकांतून. श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'चे दोन्ही खंड मी कॉलेजात असताना वाचले, आणि वहीत त्यांच्यापुढे दोनच शब्द आहेत : 'कोकण कळलं.' आता ते वाचताना कान गरम होतात. त्यातली जगबुडी नदी मी प्रत्यक्ष पाहिली ती मे महिन्यात, खेडच्या पुलावरून. एवढीशी धार, दगडच दगड. मला फसवल्यासारखं झालं. जुलैत पुन्हा त्याच पुलावरून गेले, तेव्हा हिला हे नाव का दिलं असेल ते विचारावं लागलं नाही. ती पुढे वाशिष्ठीला मिळते, वाशिष्ठी दाभोळला समुद्राला, आणि धोपाव्याहून फेरीबोटीने पलीकडे जाताना मी अजून त्या पाण्याकडे थोडं ओशाळून बघते.

पुस्तकं येतात चिपळूणहून. तिथलं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचं. महिन्यातून एकदा पतसंस्थेच्या कामाला जायचं असतं, तेव्हा शृंगारतळी, मार्गताम्हाणे करत एसटीने जायचं आणि येताना पिशवी भरून आणायची. २२ जुलै २०२१ च्या पुरात वाचनालयात पाणी शिरलं, पुस्तकांचा लगदा झाला. त्या दिवशी तिथलं एक पुस्तक माझ्या उशाशी होतं. मी ते वाचलं नव्हतं, पण ते वाचलं.

आता तात्यांबद्दल. गावात पुस्तकांविषयी लिहिणाऱ्या माणसाची खरी अडचण पुस्तकं नसतात, लेखक असतात. पुण्या-मुंबईतल्या लेखकाला काहीही लिहा, तो संध्याकाळी तुमच्या दारावरून भाजी घेऊन जात नाही. आमच्याकडे चौसष्ट पानांचा संग्रह, त्यात बारा पानं प्रस्तावना, पहिल्या पानावर 'सप्रेम भेट, अभिप्रायार्थ', आणि कवी काउंटरच्या पलीकडे उभा. मी पतसंस्थेत कॅशवर आहे. पळून कुठे जाणार?

तात्या म्हणजे एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. सकाळी मंदिर, संध्याकाळी समुद्रावर गळ टाकून गरवायला, आणि उरलेल्या वेळात कविता. त्यांचा पहिला संग्रह २००७ साली आला. भेट मिळाला, वाचला, आठ दिवस थांबले, आणि लिहिलं. शब्दशः देते : 'कवी समुद्राकाठी राहतो, पण समुद्र पाहत नाही. पान २३ वर अमावास्येच्या मध्यरात्री भरती घराच्या पायरीला लागली आहे. भरती पौर्णिमेची. यमकासाठी चंद्र घालवला.'

या शेवटच्या वाक्यावर मी इतकी खूश होते की ते नवऱ्याला दोनदा वाचून दाखवलं. नवरा गुहागरचाच, पण क्रिकेट बघत असताना तो, आयपीएलच्याही आधीपासून, माझं काहीही ऐकून 'छान' म्हणतो, तसं म्हणाला.

आणि ती वही मी जेवायच्या सुट्टीत काउंटरवर विसरले. तात्या आरडीचा हप्ता भरायला आले होते. परत आले तर वही बंद, वर पासबुक, आणि तात्या गेलेले.

पुढचा हप्ता नातवाबरोबर आला. मी त्याला विचारलं, "आजोबा कसे आहेत?" तर म्हणाला, "गप्प." तात्या गप्प म्हणजे प्रकरण गंभीर. सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "लिहायचं तर लिही, पण वही सांभाळ."

दोन-अडीच महिन्यांनी ते स्वतः आले. ना नमस्कार ना काही. पैसे काढायची स्लिप ओढली, उलटी केली.

"काय गो सूनबाई, आज तिथी कोणती?"

मी कॅलेंडर बघितलं. "चतुर्थी."

"चाराची पाऊणपट किती?"

"तीन."

"तीनला भरती पुरी. पुढे सहा तासांनी, नऊला, सुकती, म्हणजे ओहोटी. उद्या पंचमी. पाचाची पाऊणपट?"

"पावणेचार."

"पावणेचारला भरती. आता अमावास्या. पंधरावी तिथी. कर पाऊणपट."

मी केली. सव्वाअकरा. त्यांनी ते आकडे स्लिपवर लिहिले, खाली दोन रेघा मारल्या. "रात्री सव्वाअकराला पुरी भरती, आणि तीही उधाणाची. पौर्णिमेला तशीच, अमावास्येला तशीच. चंद्र दिसत नाही म्हणून तो नसतो थोडाच."

मीही कऱ्हाडची. म्हटलं, "तात्या, कवितेत मध्यरात्र आहे. सव्वाअकरा म्हणजे मध्यरात्र नव्हे."

"पाऊण तास कवीला सूट नको?" असं म्हणून ते निघाले.

खरं तर हे मला माहीत होतं. सूर्य, चंद्र, पृथ्वी एका रेषेत आले की दोघांची ओढ एक होते, अमावास्येलाही आणि पौर्णिमेलाही. नववीत याची आकृती काढून मी पैकीच्या पैकी गुण घेतले होते. पण कविता वाचताना ती आकृती आठवली नाही. आठवली ती सिनेमातली पौर्णिमा. तात्यांच्या हिशेबात तशी थोडी कसर आहे. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते आणि पाऊणपटीत पंचेचाळीसच धरलेली आहेत. पण गरवायला तेवढं पुरतं. कवितेलाही पुरतं असं दिसतं.

त्या महिन्याच्या अमावास्येला नवऱ्याला टॉर्च घेऊन चल म्हटलं. अकराला सुरूच्या बनातून पुढे गेलो. टॉर्च बंद केल्यावर काहीच दिसेना, नुसता आवाज. दिवसा समुद्राचा आवाज समोरून येतो. त्या रात्री तो दोन्ही बाजूंनी येत होता, आणि मधेच अगदी पायाशी काहीतरी फसफसलं. मी चपला काढून मागे, कोरड्या वाळूत ठेवल्या होत्या. निदान मला ती कोरडी वाटत होती. परत वळलो तर एकच सापडली. नवऱ्याने घड्याळावर टॉर्च मारला. अकरा वीस. तो एवढंच म्हणाला, "मला विचारलं असतंस तर चप्पल वाचली असती."

वहीतलं पान मी फाडलं नाही. ओळींवर एक रेघ मारली आणि खाली लिहिलं : 'चूक माझी. भरती बरोबर.' तेव्हापासून पुस्तकात काही चुकलेलं दिसलं की आधी समासात एक फुली मारते, विचारून येते, मग लिहिते. फुल्या बऱ्याच वेळा माझ्यावरच उलटतात. एका कादंबरीत ऐन जुलैत ट्रॉलर समुद्रात गेला होता. आता १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, म्हणून हौसेने फुली मारली. मग लक्षात आलं की गोष्ट पन्नास वर्षांपूर्वीची आहे, तेव्हाचे नियम मला ठाऊक नाहीत. फुली खोडली. श्रावणात आंब्याला मोहोर आणणाऱ्या लेखकाची फुली मात्र ठळक आहे. त्याला सूट नाही.

तात्यांनी त्यानंतर आणखी दोन संग्रह काढले. भेट देताना 'सप्रेम' खाली लिहितात, 'तिथी तपासून घेणे.' मी त्यांतल्या तिथी तपासल्या. सगळ्या बरोबर. कविता मात्र मला साधारण वाटल्या, आणि तसं मी लिहिलंय. पहिल्या संग्रहातली पान २३ वरची एकच खरी चांगली. बाकीच्या कवितांत तात्या समुद्राकडे बघत नाहीत, आपल्याकडे कोण बघतंय ते बघतात. हे त्यांना तोंडावर सांगितलेलं नाही. वही सांभाळते.

परवा तो पहिला संग्रह पडवीत उभा करून ठेवला होता. आत ती स्लिप अजून आहे, कडा पिवळ्या पडल्यात, १५ आणि पाऊण आणि ११। आणि खाली दोन रेघा. तात्या मंदिरातून येत होते. आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत, काठी घेऊन चालतात. फाटकाशी थांबले, डोळ्यांवर हात धरून पुस्तकांची रांग बघितली आणि स्वतःचं पुस्तक बरोबर ओळखलं.

"माझं का गो बाहेर काढलंस?"

"बुरशी आली होती, तात्या."

"उघडलं नाहीस की येणारच," म्हणाले आणि काठी टेकत पुढे गेले.