संहिता असते, फक्त सगळ्यात शेवटी लिहिली जाते

‘ब्रिटिश दिग्दर्शक माईक लीचे सिनेमे संहितेशिवाय होतात आणि नट कॅमेऱ्यासमोर सुचेल ते बोलतात, हे खरं का?’ एकांकिका करणाऱ्या मंडळींकडून हा प्रश्न हमखास येतो. त्यामागे बहुधा एक छुपी आशा असते, की लेखक मिळत नसेल तर त्याच्यावाचूनही भागेल. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: कामाला सुरुवात होते तेव्हा संहिता नसते, हे खरं. कॅमेऱ्यासमोर सुचेल ते बोलतात, हे साफ चूक. चित्रीकरणाच्या वेळी जवळजवळ प्रत्येक वाक्य पक्कं झालेलं असतं. ऑस्करला लीच्या पटकथांना पाच वेळा नामांकन मिळालं आहे, ते काही उत्स्फूर्त बडबडीला नव्हे.

ली १९४३चा, वाढला सॅल्फर्डमध्ये. १९६० साली लंडनच्या राडा या नाट्यशाळेत नट व्हायला गेला. वाक्यं पाठ करा, दाखवल्या जागी उभे राहा, हे तिथलं शिक्षण त्याला कधीच पटलं नाही. पुढे कॅम्बरवेलच्या कलाशाळेत समोर माणूस बसवून त्याचं चित्र काढताना त्याच्या लक्षात आलं, की नाट्यशाळेत नेमकं हेच नव्हतं: खऱ्या माणसाकडे बघणं. १९६५पासून बर्मिंगहॅमच्या मिडलँड्स आर्ट्स सेंटरमध्ये त्याने तरुण मुलांना घेऊन तालमीतूनच नाटकं उभी करायला सुरुवात केली.

आता कृती. ली प्रत्येक नटाला वेगळं भेटतो आणि त्याच्या ओळखीच्या खऱ्या माणसांची यादी करायला लावतो. शेजारी, मावशी, जुना वरिष्ठ, कोणीही. त्यांच्याबद्दल दिवसच्या दिवस बोलणं चालतं. त्यातून ली एकाला निवडतो किंवा दोघातिघांचं मिश्रण करतो. मग त्या पात्राचं आयुष्य जन्मापासून रचलं जातं: घर कुठलं, शाळा कोणती, पहिली नोकरी, पगार, लग्न. नटाने पात्राबद्दल बोलायचं ते ‘तो’ किंवा ‘ती’ म्हणूनच, ‘मी’ म्हणायचं नाही. यात मोठं व्यवहारज्ञान आहे. ‘मी’ म्हणणारा नट पात्राची बाजू घेतो, त्याच्या चुका झाकतो.

यानंतर पात्रांच्या गाठी घातल्या जातात. इम्प्रोव्हायझेशन, म्हणजे संहितेविना पात्र म्हणून सुचेल तसं बोलणं-वागणं, तासन्‌तास चालतं आणि दिग्दर्शक थांबवेपर्यंत कोणी भूमिकेतून बाहेर यायचं नाही. थांबल्यावर आधी भूमिका सोडायची, मग चर्चा. सगळ्यात कडक नियम गुप्ततेचा: पात्राला जे ठाऊक नाही, ते नटालाही ठाऊक असता कामा नये. ‘व्हेरा ड्रेक’मध्ये (२००४) इमेल्डा स्टाँटनची व्हेरा लपूनछपून गर्भपात करून देते. तिच्या घरच्यांची कामं करणाऱ्या नटांना ही गोष्टच माहीत नव्हती. तालमीसाठी घेतलेल्या घराचं दार वाजलं आणि पोलीस आत आले, तेव्हा त्यांना कळलं. पोलीस येणार हे खुद्द स्टाँटनलाही माहीत नव्हतं. तो धक्का पुन्हा मिळवता येत नाही, पण त्यात कोण गप्प बसलं, कोण आधी उठलं, हे टिपून ठेवता येतं. प्रसंग त्यातून रचला जातो.

चित्रीकरणाआधी लीकडे प्रसंगांचा एक त्रोटक आराखडा असतो. प्रत्यक्ष जागेवर गेल्यावर त्या प्रसंगाचं पुन्हा इम्प्रोव्हायझेशन होतं, ते कापलं जातं, वाक्यं निवडली जातात, क्रम बदलतो. घासून घासून प्रसंग घट्ट झाला की पाठांतर होतं आणि मगच छायाचित्रणाची माणसं कामाला लागतात. लंबंचवडं इम्प्रोव्हायझेशन दोन-तीन मिनिटांवर येतं. ही छाटणी म्हणजेच लेखन, आणि ती एकटा ली करतो. समूहाने मतदान घेऊन ती होत नाही.

आपल्याकडे हे फसतं ते बहुतेक याच टप्प्यावर. तालीम मोबाइलवर रेकॉर्ड करतात, जशीच्या तशी उतरवतात आणि तिलाच संहिता म्हणतात. मग प्रत्येक वाक्य तीनदा येतं आणि प्रसंगाला शेवटच नसतो. दुसरी चूक हशाची. बघायला चार मित्र बसले की नट विनोद मारू लागतो आणि पात्र गेलंच. लीच्या खोलीत प्रेक्षक नसतात. तिसरी चूक चहाच्या टपरीवरची: तिथे नट एकमेकांना आपापलं पात्र सांगून टाकतात आणि दुसऱ्या दिवशी आश्चर्य नाटकी होतं.

या पद्धतीची किंमत वेळेत मोजावी लागते. लीच्या तालमी अनेकदा सहा-सहा महिने चालल्या. शिवाय वाचायला संहिता नसताना पैसे कोण देणार? ‘ब्लीक मोमेंट्स’ (१९७१) हा पहिला सिनेमा नट अल्बर्ट फिनीच्या कंपनीमुळे झाला. चित्रपटगृहासाठीचा त्यापुढचा सिनेमा ‘हाय होप्स’ आला तो थेट १९८८ साली. मधली सतरा वर्षं ली रिकामा नव्हता. बीबीसी टेलिव्हिजनने संहिता न मागता त्याला काम दिलं आणि जोडीला नाटकं चालू होती. कान चित्रपट महोत्सवाचा सर्वोच्च सन्मान ‘सीक्रेट्स अँड लाईज’ला मिळाला १९९६मध्ये. माझ्या मते त्याची खरी शाळा ती टेलिव्हिजनची वर्षंच.

सहा महिने कोणाकडेच नसतात, म्हणून करून बघायचं असेल तर लीच्या ‘अ‍ॅबिगेल्स पार्टी’ (१९७७) या नाटकाचा साचा बघा. पाच पात्रं, एक दिवाणखाना, एक संध्याकाळ. जिच्या नावाचं नाटक, ती अ‍ॅबिगेल रंगमंचावर येतच नाही. पाचांहून जास्त पात्रं घेऊ नका, कारण प्रत्येकाबरोबर स्वतंत्र बसावं लागतं आणि पात्रांच्या जोड्या भराभर वाढतात: पाच पात्रांच्या दहा जोड्या, आठांच्या अठ्ठावीस. हाताशी सहा आठवडे असतील तर निदान तीन आठवडे पात्रं घडवण्यात घाला. शेवटचा आठवडा नव्या सुचण्याला पूर्ण बंद ठेवा. आणि वाक्यं कोण कापणार, ते पहिल्याच दिवशी ठरवा.