तो बीप टॅबचा नव्हता

रात्री पावणेतीनला आमच्या सर्व्हरमधली एक डिस्क गेली. डिस्कांचा संच (अ‍ॅरे) रेड-५ पद्धतीने जोडलेला असल्यामुळे त्यातली एक गेली तरी निभावतं. पहाटे सहाच्या आत दुसरीही गेली आणि सगळा अ‍ॅरे बसला. बॅकअप आदल्या रात्रीचा होता, त्यामुळे अख्ख्या दिवसाच्या नोंदी पुन्हा भराव्या लागल्या. चौकशीच्या अहवालात मी लिहिलं, "ऑपरेटरचे इशाऱ्याकडे दुर्लक्ष." खाली सही माझी.

ऑपरेटर नवा मुलगा होता. तो मला एवढंच म्हणाला, "सर, बीप ऐकला मी. पण तेव्हा टाइप करत होतो, वाटलं माझाच टॅब वाजला."

हे वाक्य डोक्यातून जाईना. शेवटी एका रात्री त्याच्याच खुर्चीत बसलो. फाइलचं नाव अर्धवट लिहून टॅब दाबला की जुळणारं नाव नसेल किंवा एकाहून जास्त असतील, तर बॅश, म्हणजे लिनक्सवर आपल्या आज्ञा घेणारा प्रोग्रॅम, बीप करतो. डिस्क गेल्याचा इशारा देणारी आमची स्क्रिप्टही त्याच कन्सोलवर, म्हणजे सर्व्हरच्या स्क्रीनवर, तेच बेल अक्षर पाठवायची, आस्की या अक्षरांच्या सांकेतिक यादीतलं ७ नंबरचं. टेलिटाइपवर, म्हणजे जुन्या तारयंत्राच्या टंकयंत्रावर, या अक्षराने खरीखुरी घंटी वाजायची. लिनक्स कन्सोलवर ते मुळात ७५० हर्ट्झ आणि १२५ मिलिसेकंदांवर वाजतं, मग पाठवणारा कोणीही असो. मी डोळे मिटले आणि सहकाऱ्याला कधी टॅब दाबायला, कधी स्क्रिप्ट चालवायला सांगितलं. मला एकदाही खात्रीने सांगता आलं नाही.

आवाज बदलायला दहा मिनिटं पुरली. कन्सोलला एस्केप[१०;३००] हा संकेत पाठवला की स्वर ३०० हर्ट्झवर उतरतो, एस्केप[११;६००] ने तो ६०० मिलिसेकंद लांबतो. मग बेल. इथे मी एकदा फसलो. कन्सोल ही सेटिंग धरून ठेवतो, म्हणजे पहिल्या इशाऱ्यानंतर टॅबसुद्धा त्याच जाड आवाजात ओरडायला लागला. म्हणून बेलनंतर लगेच आकड्याशिवायचे एस्केप[१०] आणि एस्केप[११] पाठवायचे, की मूळ आवाज परत येतो. आणि तीन बेल एकापाठोपाठ पाठवल्या तर कानाला एकच ऐकू येते, मध्ये स्लीप, म्हणजे थोडा थांबा, घालावाच लागतो. आता डिस्क गेली की तीन जाड, लांब हाका येतात. खोलीच्या दुसऱ्या टोकाला पाठ करून बसलेल्यालाही कळतं.

वरच्यांचं म्हणणं, डॅशबोर्ड असताना याची गरज काय. पावणेतीन वाजता एकटा माणूस दुसऱ्याच कामात मान खाली घालून बसलेला असतो, हे त्यांनी कधी पाहिलेलं नाही. आणि आमचेच काही जण बीपचा त्रास होतो म्हणून नव्या मशीनवर स्पीकरचं मॉड्यूलच बंद करून टाकतात. मला हे पटत नाही. टॅबचा बीप नको असेल तर इनपुटआरसी या बॅशच्या सेटिंगच्या फाइलमध्ये सेट बेल-स्टाइल नन लिहा, टॅब गप्प होतो आणि इशारा वाजत राहतो.

हे सगळं मला त्या रात्रीच्या आधीही माहीत होतं.

मुलाने दोन महिन्यांत दुसऱ्या विभागात बदली मागून घेतली. अहवालाला जोडायला मी पुरवणी टिपण पाठवलंय, त्यात दोन्ही आवाज सारखेच होते आणि ते तसे ठेवणारा मी होतो, असं लिहिलंय. अजून उत्तर आलेलं नाही.