प्लेस्टेशन ५ : मुलांचं खातं बनवलंत, मागचं दार लावलंत का?

प्लेस्टेशन ५ हा टीव्हीला जोडून खेळायचा गेम कन्सोल. वन-बीएचकेत टीव्ही हॉलमध्येच असतो, म्हणून लक्ष राहील असं मुंबईतल्या पालकांना वाटतं. दोघंही लोकलमध्ये असताना लक्ष कुठून राहणार?

मुलासाठी वेगळं खातं काढा, जन्मतारीख खरीच टाका. सेटिंग्जमधल्या ‘फॅमिली अँड पॅरेंटल कंट्रोल्स’मध्ये रोजचा वेळ ठरवा आणि टाइमझोन भारताचा आहे ना, ते बघा. वेळ संपल्यावर काय, याचे दोन पर्याय असतात. नुसती सूचना ठेवलीत तर पोरगं ती बघून खेळतच राहतं, तेव्हा ‘लॉग आउट’च निवडा.

खरी गळती पुढे आहे. कन्सोलच्या निर्बंधांचा मूळ पासकोड ०००० असतो, तो आधी बदला. तिथेच नवा युजर बनवणं आणि गेस्ट लॉगिन बंद करा, नाहीतर मुलं दुसऱ्या नावाने आत शिरतात आणि तुमची मर्यादा जुन्या खात्यावर पडून राहते. तुमच्या स्वतःच्या युजरलाही चार आकडी पासकोड हवाच. वाढदिवसाचा नको, तो त्यांना पाठ असतो.

मुलाच्या खात्यावर खर्चाची मासिक मर्यादा शून्यच ठेवा. प्लेस्टेशनच्या वॉलेटमध्ये (गेम विकत घ्यायच्या पाकिटात) आधीच भरलेल्या पैशांना बँकेचा ओटीपी लागत नाही.